लेक म्हणते "कोल्हापुरात खोली नको, मोबाईलवरच बारावी करते" : काय करावं?

भुदरगडकर
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही गारगोटीच्या पुढं सहा-सात किलोमीटरवर राहतो. थोडा ऊस, चार म्हशी, दूध डेअरीला. थोरली लेक यंदा दहावी झाली, ९१ टक्के पडले. सायन्सला जायचं, सीईटी द्यायची, इंजिनिअरिंग करायचं एवढं तिचं ठरलंय. आमच्याकडं रीत अशी की पोर हुशार निघालं की कोल्हापुरात खोली करून द्यायची आणि क्लास लावायचा. मी चौकशी करून आलो. दोन वर्षांची फी दीड लाख, खोली आणि मेसचे महिन्याला सहा-सात हजार वेगळे. कर्ज काढावं लागेल, त्याची तयारी आहे.

पण लेकच नको म्हणते. "पप्पा, दहावीचं निम्मं गणित मी यूट्यूबवर शिकले. चार हजारांत दोन वर्षांची ऑनलाइन बॅच मिळते. गारगोटीला कॉलेज करते आणि घरी बसून शिकते." मेहुणे म्हणतात, पोरीच्या हातात मोबाईल देऊन बसवलास तर वाटोळं होईल. मला तशी शंका नाही, पोर गुणी आहे. माझी अडचण वेगळी आहे. मी बारावी आर्ट्स, तिची आई आठवी. तिच्या वहीत काही चुकलं तर आम्हा दोघांना कळणार नाही. ऑनलाइनवाल्या सरांना तरी कसं कळेल?

ज्यांनी मुलांना असं शिकवलंय किंवा स्वतः शिकलेत त्यांनी सांगा. अकरावीचा फॉर्म भरून झालाय, हातात थोडे दिवस आहेत.

रंकाळा_चौपाटी
आधी ९१ टक्क्यांचे पेढे. मग सल्ला.

गणितप्रेमी
भुदरगडकर दादा, लेकीचं मनापासून अभिनंदन. माझा कोल्हापुरात छोटा क्लास आहे, म्हणजे माझा यात स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो.

राज्याची इंजिनिअरिंगची सीईटी बालभारतीच्याच पुस्तकांवर असते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित प्रत्येकी ५० प्रश्न, गणिताचा प्रश्न २ गुणांचा, असे एकूण २०० गुण. चुकीला गुण कापत नाहीत. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी सगळी बारावी. २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवरच होते. म्हणजे पुस्तक नीट वाचणारी, भरपूर सोडवणारी आणि स्क्रीनवर प्रश्न वाचून कच्चं काम कागदावर करायची सवय असलेली मुलगी घरूनही ही परीक्षा काढू शकते. हे मी क्लासवाला असून सांगतोय.

तुम्ही बघून आलात तसल्या मोठ्या क्लासात एका हॉलमध्ये शंभर-सव्वाशे मुलं बसतात. मी पूर्वी एका ठिकाणी नोकरी करत होतो, तिथं मागच्या बाकांना फळा दिसत नाही म्हणून भिंतीवर टीव्ही लावले होते. दीड लाख भरून ती पोरं टीव्हीच बघत होती.

वहीचा मुद्दा मात्र तुम्ही अगदी मुळावर बोट ठेवून मांडलात. एक उदाहरण देतो. बलाचे घटक काढताना कोन उभ्या रेषेपासून दिलाय की आडव्या, हे न बघता पोरं सरसकट कॉस लावतात. कोन ४५ अंशांचा असला की साइन आणि कॉस सारखेच, त्यामुळं उत्तर बरोबर येतं. पोराला वाटतं जमलं. ही चूक महिनाभर वहीत लपून राहते आणि ३० अंशांच्या गणिताला बाहेर पडते, तोवर हाताला सवय झालेली असते. व्हिडिओत सर कितीही छान शिकवोत, त्यांना तिची वही दिसत नाही. ॲपला फक्त तिनं निवडलेला पर्याय दिसतो.

माझं मत असं : शिकवणं ऑनलाइन घ्या, पण आठवड्यातून एकदा वही बघणारा माणूस शोधा.

पेठेतला_पैलवान
दादा, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्हिडिओ बघून कुस्ती येत नाही. लाल मातीत उतरावं लागतं आणि डोक्यावर वस्ताद लागतो. गंगावेशीतल्या तालमीत आम्ही सकाळी पाच वाजता कशासाठी उठायचो? वस्ताद काठी घेऊन उभा असायचा म्हणून. घरात कोण उठवणार? पोरीला कोल्हापुरात पाठवा.

शेवटचा_बाक
@पैलवान दादा, तुमच्याच तालमीतले मल्ल हल्ली समोरच्याच्या कुस्त्यांचे व्हिडिओ बघून डाव पाठ करतात, ते पण सांगा की :)

पेठेतला_पैलवान
करतात. आणि मग वस्तादाकडं जाऊन तो डाव घोटतात. मी तेच म्हणालोय.

गणितप्रेमी
+१. मीही तेच म्हणालोय, तुम्ही मातीत म्हणालात, मी वहीत.

कृष्णाकाठ
मी शिरोळ तालुक्यातली, दोन मुलांची आई. माझे दोन्ही अनुभव सांगते.

२०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा थोरल्याची नववीची पुस्तकं लगदा झाली होती. त्या वेळी बालभारतीच्या साइटवरची पुस्तकं मोबाईलमध्ये उतरवून घेतली आणि छावणीतून आल्या दिवसापासून तो अभ्यासाला बसला. तेव्हा मी मोबाईलचे उपकार मानले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. या वेळी पुस्तकं माळ्यावर होती म्हणून वाचली, पण चार दिवस वीज नव्हती आणि सगळे मोबाईल बंद. तेव्हा छापील पुस्तकच उपयोगी पडलं.

धाकट्याची गोष्ट वेगळी. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाली तेव्हा तो पहिलीत होता. पुढची दोन वर्षं त्याची शाळा म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघून वहीत उतरवून काढायचं आणि परत फोटो पाठवायचा. अक्षर सुंदर. शिक्षकांचा शेरा छान. तिसरीत शाळा नीट सुरू झाल्यावर लक्षात आलं की त्याला वाचताच येत नाही. तो अक्षरं चित्रासारखी काढत होता. मी रोज त्याच्या शेजारी बसत होते आणि मला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मग वर्षभर रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन, बोट ठेवून वाचायला शिकवलं. आता सातवीत आहे, वाचतो, पण मोठा परिच्छेद दिसला की अजून दचकतो.

म्हणून सांगते, दादा. सोळा वर्षांच्या हुशार मुलीला जे जमेल ते सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. दोघांना एका मापानं मोजू नका.

मास्तर_राधानगरी
ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. माझ्या वर्गात असे अकरा होते.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, वाड्यावस्त्यांवरची मुलं. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणून आदेश आले. माझ्या २३ मुलांपैकी सात घरांत स्मार्टफोन होता, त्यातले चार बाप दिवसभर कामाला घेऊन जायचे. रेंज टेकाच्या वर, देवळापाशी. सुरुवातीला मीही लिंका पाठवल्या. पंधरा दिवसांत समजलं की लिंक पाठवून माझं समाधान होतंय, पोराचं शिक्षण होत नाही. मग छापील पत्रकं काढली, गाडीवर टाकली आणि आठवड्यातून तीनदा वस्तीवर जायला लागलो. ओट्यावर चार-चार पोरं लांब लांब बसवायची, आधीची पत्रकं तपासायची, नवी द्यायची. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, त्याचा माझ्या पोरांना मोबाईलपेक्षा जास्त उपयोग झाला, कारण टीव्ही घराघरांत होता आणि त्याला रिचार्जची चिंता नव्हती.

पण मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हो. पुस्तकांतल्या क्यूआर कोडचंच घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी करून दाखवलं, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. माझ्या वर्गात आज चौथीच्या पोरांना ग्रहणं शिकवताना कोड स्कॅन करतो, 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ उघडतो, मग अंगणात एक पोरगी सूर्य, एक पृथ्वी, एक चंद्र असं उभं करतो. व्हिडिओ तीन मिनिटांचा, अंगणातला खेळ अर्ध्या तासाचा. हे प्रमाण मला वापरून वापरून सापडलंय.

शेवटचा_बाक
मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल, कोल्हापुरातच. माझा अनुभव ऑनलाइनच्या बाजूनं आहे.

आमच्या कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सला वर्षभर नीट शिक्षक नव्हते. मी एनपीटीईएलवर, म्हणजे ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आयआयटीच्या प्राध्यापकांचा कोर्स केला. बघायला फुकट, परीक्षा द्यायची तर हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, तारीख चुकली की गेली. शेवटी परीक्षा केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष पेपर. त्यात २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के पेपरचे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे आता 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. ज्या विषयाचा माणूस जिल्ह्यात नाही, तो विषय घरबसल्या मिळतो. हे माझ्या वडिलांच्या पिढीला शक्य नव्हतं.

पण खरं सांगतो, याआधी मी पाच कोर्स सुरू करून सोडले होते. ते सगळे "तुमच्या सवडीनं शिका" असे होते. मला सवड कधीच मिळाली नाही. हा पुरा झाला तो बुधवारच्या तारखेमुळं, आणि आम्ही चौघं मित्र मंगळवारी रात्री मेसवर एकत्र बसायचो त्यामुळं.

तेव्हा दादा, बॅच घेताना व्हिडिओ किती तासांचे ते विचारू नका. दर आठवड्याला परीक्षा आहे का आणि शंका विचारली तर किती वेळात उत्तर येतं ते विचारा.

रंकाळा_चौपाटी
मेसवर एकत्र बसून थर्मोडायनॅमिक्स? कुठली मेस ही? माझ्या वेळी मेसवर फक्त पांढऱ्या रश्श्यावर चर्चा व्हायची.

शेवटचा_बाक
राजारामपुरीत. बुधवारी आणि रविवारी पांढरा रस्सा असतोच, चर्चा पण होते.

मंगळवारपेठ
रविवारी मेसचा रस्सा खाण्यापेक्षा माझ्याकडं या जेवायला. भुदरगडकर भाऊ, तुमची लेक कोल्हापुरात आली तर दर रविवारी माझ्याकडं जेवेल, हे आत्ताच सांगून ठेवते. माझ्या दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्या, घर मोकळं आहे.

आणि शिकायचं म्हणाल तर मी ६२ व्या वर्षी मोबाईलवर बघून पैठणी ब्लाउजचं कटिंग शिकले. पहिले दोन कापड वाया गेले, तिसरा बसला. मला पुढं परीक्षा नव्हती म्हणून वाया घालवायला वेळ होता.

उद्यमनगरी
माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, चार सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारी, धातू कापायची मशिनं). माझ्याकडं कामाला येणारी पोरं सध्या दोन प्रकारची असतात, म्हणून लिहितोय.

एक, आयटीआय केलेला, मशीनवर हात बसलेला, पण ड्रॉइंग बदललं की थांबणारा. दुसरा, मोबाईलवर प्रोग्रामिंग शिकून आलेला. गेल्या वर्षी कागलकडचा एक पोरगा आला. वडील सेंटरिंगच्या कामाला. सगळं प्रोग्रामिंग व्हिडिओवरून आणि फुकटच्या सिम्युलेटरवरून शिकलेला. कागदावर प्रोग्राम इतका स्वच्छ लिहिला की मी बघत राहिलो. मशीनवर उभा केला, वर्क ऑफसेट (जॉब नेमका कुठं आहे ते मशीनला सांगायचं माप) घेताना चिन्ह उलटं पडलं आणि टूल थेट जॉब पकडणाऱ्या चकमध्ये. सिम्युलेटरवर टूल धडकलं की लाल रेघ येते आणि परत सुरू करता येतं. इथं आवाज येतो, हात थरथरतात आणि टूलहोल्डर जातो.

मी त्याला काढला नाही. आमच्या जुन्या फोरमनच्या हाताखाली तीन महिने ठेवला. आज शॉपमधला सगळ्यात चांगला सेटर तो आहे, आणि फोरमनला पण त्यानं मोबाईलवरून नवीन सॉफ्टवेअर शिकवलं. फोरमन ५६ वर्षांचे, आता तेच मला शिकवतात.

आयटीआय परवडत नव्हती त्या पोराला मोबाईलनं दारापर्यंत आणलं. आत घ्यायला फोरमन लागला.

पेठेतला_पैलवान
म्हणजे वस्ताद. मी उगाच बोलत नाही.

दृष्टीपल्याड
मी बरेच दिवस फक्त वाचतो (म्हणजे ऐकतो), आज लिहितो. मला जन्मापासून दिसत नाही. शिवाजी विद्यापीठातून एमए केलं.

बारावीपर्यंत माझा अभ्यास म्हणजे आई आणि दोन मित्र वाचून दाखवायचे आणि मी कॅसेटवर रेकॉर्ड करायचो. त्यांना वेळ असेल तेव्हा माझा अभ्यास. पुढं एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीनरीडर मिळाला, मराठी आवाज बसवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रात्री दोन वाजता, कुणाला न उठवता, स्वतःचं पुस्तक स्वतः वाचलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

तेव्हा "मोबाईलमुळं शिक्षण बिघडलं" असं कुणी सरसकट म्हणालं की मला लागतं. पण माझीही एक तक्रार आहे. शिक्षक पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करून टाकतात. डोळस मुलाला ते पान दिसतं. माझ्या स्क्रीनरीडरला ते कोरं पान असतं. इथं जे शिक्षक आहेत त्यांना हात जोडून विनंती, नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून द्या. आकृती असेल तर खाली दोन ओळी लिहा.

मास्तर_राधानगरी
दादा, मी स्वतः फोटो काढून पाठवणाऱ्यांतलाच. उद्यापासून टाइप करीन. तुम्ही सांगितलंत हे बरं झालं.

आजरा_घनसाळ
आत्ता पुण्यात असतो, गाव आजरा. थोडं मागं जातो.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. हे आपण सगळे भाषणांत ऐकतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, पुढं लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कॉलेज आणि शिक्षक कोल्हापुरात होतेच. खेड्यातल्या पोराला शहरात उतरायला, जेवायला आणि कंदिलापाशी चार पोरांत बसायला जागा नव्हती, ती त्यांनी दिली. माझे पणजोबा अशाच एका बोर्डिंगात शिकले.

आणि भुदरगडकर दादा, तुमच्या गारगोटीबद्दल सांगतो. जे. पी. नाईक आमच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव, म्हणजे देशाच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांच्या हातून लिहिला गेला तो माणूस. त्यांनी मौनी विद्यापीठ उभं करायला गारगोटी निवडली. शिकायला पोरानं शहरात जायचं, हे त्यांना मान्य नव्हतं, खेड्यातच चांगलं शिक्षण हवं होतं. तेव्हा तुमची लेक गारगोटीला राहून शिकते म्हणते, यात तिचं काही कमी होतंय असं मनात आणू नका.

मला तरी वाटतं, मोबाईलनं शिक्षक घरात आणले, पण बोर्डिंग आणलं नाही. ती जागा कुठं मिळेल ते बघा.

लवंगी
धाग्याचा ओघ छान आहे, पण सगळे मोबाईलला फारच सोवळं नेसवताय. माझी तीन भाचरं आहेत, बारा ते सोळा वयाची. अभ्यासाचा व्हिडिओ लावतात, दहाव्या मिनिटाला बाजूला रील. शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या 'असर' अहवालात आलंय : १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. ही ग्रामीण भारताची पाहणी आहे, मुंबई-पुण्याची नाही. मेहुण्यांचं बोलणं कडू आहे, पण निराधार नाही.

सांगलीची_पाहुणी
@लवंगी ताई, आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं यावर उपाय काढलाय. कडेगाव तालुका. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. दीड तास मुलं वाचतात. २०२२ पासून चालू केलं. माझ्या माहेरच्या बाजूचं गाव. सुरुवातीला मालिका बुडतात म्हणून बायका रागावल्या होत्या, मीही त्यांच्यातलीच. पण सगळं गाव एकदम बंद करतं म्हणून ते जमतं. एकट्या घरानं पोराचा मोबाईल काढून घेतला तर रोज भांडण होतं.

मास्तर_राधानगरी
रीलपेक्षा मला आता दुसरी काळजी लागलीय. आमच्या केंद्रात सातवी-आठवीला शाहू महाराजांच्या कार्यावर लिहून आणायला सांगितलं होतं. चार मुलांनी एकसारखं लिहिलं, राधानगरी धरण कृष्णा नदीवर आहे म्हणून. त्यातल्या एकाचं घर धरणाच्या भिंतीवरून दिसतं! रोज भोगावतीत पोहणारं पोर. विचारलं, "अरे, नदी कुठली?" म्हणालं, "भोगावती." "मग कृष्णा का लिहिलंस?" म्हणालं, "एआयनं सांगितलं, मला वाटलं पुस्तकात तसं असेल."

चुकीचं उत्तर आलं याचं मला एवढं काही नाही, दुरुस्त करता येतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी रोज बघितलेल्या नदीपेक्षा त्याला मोबाईलवरचं वाक्य खरं वाटलं, त्या रात्री मला नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन धरणावर गेलो. फलक वाचायला लावला. स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात ते तिथल्या कर्मचाऱ्याकडून ऐकलं. मग परत लिहायला लावलं, तिथंच बसून. भिंतीवरच्या वाऱ्यापासून दरवाजांच्या आवाजापर्यंत सगळं आलं त्या लेखात.

गणितप्रेमी
गुरुजी, हे वाचून धरणावर यावंसं वाटलं.

आता व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायच्या नादाबद्दल एक सांगतो, भुदरगडकर दादांच्या लेकीला उपयोगी पडेल. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. एका गटाला उतारा परत परत वाचायला दिला. दुसऱ्याला एकदा वाचून, कागद बंद करून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं. व्हिडिओ परत बघताना वाटतं की आपल्याला येतंय. ते पाच मिनिटांचं येणं असतं. व्हिडिओ संपला की मोबाईल पालथा ठेवायचा आणि कोऱ्या पानावर सोडवायचं. तेवढी एक सवय लागली तर चार हजारांची बॅच दीड लाखाची होते.

भुदरगडकर
मंडळी, मी रोज रात्री धारा काढून झाल्या की सगळे प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवतोय. आज लेकीनं मोबाईल ओढून घेतला. पुढचं ती लिहिते.

नमस्कार. मी त्यांची मुलगी. पैलवान काका, तुम्ही म्हणता घरात कोण उठवणार. मी साडेचारला उठते, म्हशींमुळं सगळं घरच उठतं.

मला वर्गात "सर, परत सांगा" म्हणायला लाज वाटते. सगळे मागं वळून बघतात. व्हिडिओ मी दहा वेळा मागं नेला तरी कुणी बघत नाही. दहावीला माझं गणित त्यामुळंच सुधारलं. पण ती ४५ अंशांची गोष्ट वाचून मी माझी वही काढून बघितली. विज्ञानात दोन ठिकाणी माझं उत्तर बरोबर आणि रीत चूक निघाली. कुणी टिक केलेली होती.

आणि एक, जे पप्पांना मी अजून बोलले नव्हते. घरी अभ्यास करताना पाहुणे आले की चहाला मीच उठते. भाऊ अभ्यासाला बसला की त्याला कुणी हाक मारत नाही. कोल्हापूरला नको म्हणते ते पप्पांचं कर्ज नको म्हणून. घरीच आवडतं म्हणून नाही.

कृष्णाकाठ
बाळ, बोललीस ते फार बरं केलंस. भुदरगडकर दादा, हे शेवटचं तेवढं दोनदा वाचा.

मंगळवारपेठ
माझ्या वेळी पण हेच होतं गं पोरी. पाहुण्यांनी चहा स्वतः करून घ्यावा.

आजरा_घनसाळ
म्हणजे प्रश्न बोर्डिंगचाच निघाला. दादा, गारगोटीत अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी हल्ली असतात, मुलींना वेगळी बसायची सोय आहे का ते विचारा. कॉलेज सुटल्यावर तीन तास तिथं बसली आणि शेवटच्या एसटीनं घरी आली की झालं.

शेवटचा_बाक
एसटीवरून आठवलं. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत असतो, तो काढून घ्या. आणि दादा, पुढच्या फीची धास्ती असेल तर सांगतो, २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सला राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्तापासून काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलला रांग असते. माझ्या बहिणीचं त्यात आठवडाभर अडकलं होतं.

गणितप्रेमी
आणि प्रॅक्टिकल बुडवू नका. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३० गुण त्याचे असतात. काही मुलं ऑनलाइन बॅच घेतली की कॉलेजात फक्त नाव ठेवतात, तसं करू नका. ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची काचेची नळी) हातात धरल्याशिवाय रंग कधी बदलतो ते कळत नाही, एक थेंब पुढं गेला की गेला.

वहीसाठी : महिन्यातून दोन रविवार तिला कोल्हापूरला आणा. माझ्याकडं पेपर सोडवेल, मी समोर बसून तपासीन. फी नको. मंगळवारपेठ ताईंकडं जेवण आहेच.

भुदरगडकर
दोन दिवस लिहायला जमलं नाही, तेवढ्या वेळात पळापळ करून आलो. ठरलं ते सांगतो.

प्रवेश गारगोटीलाच. ऑनलाइन बॅच घेतली, दर शनिवारी परीक्षा असणारी, शेवटच्या बाकानं सांगितलं तसं विचारून. स्टँडजवळ एक अभ्यासिका सापडली, महिना पाचशे रुपये, मुलींची वेगळी खोली, वायफाय आहे. गावात एक निवृत्त गणिताचे सर आहेत, त्यांच्याकडं जाऊन आलो. ते म्हणाले, "मला मोबाईलमधलं काही येत नाही." मी म्हणालो, "सर, फक्त वही बघा." दर बुधवारी या म्हणाले. गणितप्रेमी सर, महिन्याचे दोन रविवार तुमच्याकडं नक्की, येताना दूध आणीन, नाही म्हणू नका.

घरात चहाचं ठरलंय. लेक वही घेऊन बसली की चहा धाकटा करेल. काल पहिल्यांदा केला, साखर विसरला. आम्ही सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

अजून एक विचारायचं होतं. अकरावी सायन्सची जुनी पुस्तकं कुणाकडं असतील का? मोबाईलवर आहेत, पण लेक म्हणते पेन्सिलनं खुणा करायला छापील हवीत.

शेवटचा_बाक
माझ्या बहिणीची आहेत, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताचे दोन्ही भाग. समासात तिच्या खुणा आहेत, चालतील ना?

भुदरगडकर
लेक म्हणते पळतील. खुणा असतील तर बरंच.

शेवटचा_बाक
मग शनिवारी सकाळच्या गारगोटी गाडीनं येतो, स्टँडवर भेटू. मामाचं गाव पुढं आहे, जायचंच होतं.